मुद्दलाला हात न लावणारी माणसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजून घेण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. बाबा ६६ वर्षांचे, आई ६१ची. बाबा औषध कंपनीच्या उत्पादन विभागातून साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त झाले. ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, डोक्यावर कर्ज नाही, तुम्ही आणि तुमचा भाऊ आपापल्या संसारात. ठेवी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून २ कोटी ४० लाख. दोघांचा खर्च महिना ७० हजार. तरीही बाबा आठवड्याचे पाच दिवस डबा घेऊन अंबरनाथच्या एका लहान कारखान्यात सल्लागार म्हणून जातात, महिना ४५ हजारांवर. सांगून सांगून तुम्ही थकलात. वर नातेवाईक विचारतात, मुलं बघत नाहीत का. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: पैसे पुरतील की नाही हे आकड्यांत, बाबांसमोर ठेवता येईल असं, आणि पुरत असतील तर हा माणूस थांबत का नाही, याचं उत्तर.

पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी निवृत्तीच्या आसपासच्या लोकांच्या पैशांचं नियोजन करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटं पुरतात. दुसरा कळायला मला निम्मी कारकीर्द लागली.

तर पाच मिनिटांचं आधी. महिना ७० हजार म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. जमा रक्कम या खर्चाच्या साडेअठ्ठावीस पट आहे. महागाई ६ टक्के धरली आणि कर जाऊन गुंतवणुकीवर ७ टक्के सुटले, तर बाबांनी उद्यापासून एक रुपयाही न कमावता ही रक्कम ३३ वर्षं चालते. तेव्हा आई ९४ची असेल. सगळं बिनसलं, महागाई ८ टक्क्यांवर गेली आणि परतावा ७ वरच राहिला, तरी २५ वर्षं निघतात. परदेशी पुस्तकांत चार टक्क्यांचा नियम सांगतात: पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढायचे आणि पुढे तो आकडा महागाईइतका वाढवत न्यायचा. विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून तो काढला. आपल्याकडे मी तो जसाच्या तसा वापरत नाही, पण तुमच्या घराचा आकडा साडेतीन टक्क्यांवर आहे, म्हणजे त्या मापानेही आत. यात मोठं आजारपण धरलेलं नाही. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपला असेल, तेव्हा दोघांची स्वतंत्र आरोग्य पॉलिसी आहे का ते आजच बघा. नसेल तर ‘आता या वयात कोण देणार’ म्हणून सोडून देऊ नका. एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची जुनी अट विमा नियामकाने काढून टाकली आहे. हप्ता जड असेल, पण दार बंद नाही.

पैसे पुरतात, हे झालं उत्तर.

आता हा कागद बाबांसमोर ठेवलात की काय होईल तेही सांगतो. ते चष्मा लावतील, एखादी बेरीज पेनने तपासतील, ‘बरोबर आहे’ म्हणतील, कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या गाडीला उभे राहतील. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं बॅचचं उत्पादन आणि घट काढली, त्याला भागाकार येत नाही असं समजू नका. हा हिशेब त्यांनी तुमच्या आधी, बहुधा बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर, करून ठेवलेला असतो.

मीही एकेकाळी कागदच पुढे करत होतो. २००० च्या अखेरीस आणि २००१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. चाळिशी ओलांडलेल्या किंवा पंधरा वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांना ती खुली होती, आणि देशभरातून लाखभर लोक बाहेर पडले. त्यातले एक अधिकारी, वय ५२, माझ्याकडे आले. भरपाई चांगली मिळणार होती, पेन्शन होतं, मुलीचं लग्न झालेलं. मी दोन संध्याकाळी बसून तक्ता केला आणि म्हणालो, बिनधास्त घ्या. तक्ता आजही काढून बघितला तर बरोबर आहे. पण सात-आठ महिन्यांनी ते माझ्या ऑफिसात रोज अकराला यायला लागले. काम नसायचं. पेपर वाचायचे, माझ्या मुलीसारख्या असलेल्या सहायिकेला पत्रांचे मसुदे दुरुस्त करून द्यायचे, एकला ‘चला, जेवायची वेळ झाली’ म्हणून उठायचे. सुरुवातीला मला कौतुक वाटलं, मग अडचण वाटायला लागली, मग एका दुपारी लख्ख उजेड पडला की हा माणूस कामावर येतोय. नंतर ते एका पतसंस्थेत हिशेब तपासायला लागले. बँकेत मिळत होतं त्याच्या पाव हिश्श्यालाही नव्हतं ते. माझ्याकडे येणं थांबलं. मला आधी हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. तेव्हापासून मी निवृत्तीच्या तक्त्याच्या शेवटी ‘बिनधास्त’ हा शब्द लिहीत नाही.

या प्रश्नावर लोक सरसकट म्हणतात, ‘वेळ जात नाही म्हणून करतात.’ अर्धवट उत्तर आहे ते. वेळ घालवायला ठाण्यात नाट्यगृह आहे, तलावपाळीला फेऱ्या आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. मला दिसलेलं मोठं कारण पैशाचंच आहे, फक्त तुम्ही समजता त्या अर्थाने नाही. तुमचे बाबा साठवण्यासाठी कमावत नाहीत. माझा अंदाज असा की ते खर्च करता यावा म्हणून कमावतात.

उदाहरण सांगतो. माझे एक अशील, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त. जमा रक्कम ३ कोटींच्या पुढे. आठवड्यातून तीन दिवस एका संस्थेत मुलांना सीएनसी मशीन शिकवतात, महिना १८ हजार. एकदा एप्रिलमध्ये काही सह्या घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दारात हापूसची पाच डझनांची पेटी, गवत अर्धं बाहेर आलेलं, घरभर वास. मी गमतीने म्हणालो, यंदा जोरात आहे. आतून काकू म्हणाल्या, ‘व्याजाचे पैसे असले की डझन येतो. शिकवण्याचे असले की पेटी.’ काकांनी हसून कपाटातून एक पासबुक काढलं. वेगळी बँक, वेगळं प्लास्टिकचं कव्हर, वर स्केचपेनने लिहिलेलं ‘वरखर्च’. अठरा हजार त्यात जमा होतात. त्यातून आंबे, नातवंडांचे वाढदिवस, दोघांची मेघालयची सहल, काकूंचा नवा फोन. बाकी ३ कोटींवर वर्षाला अठरा-वीस लाख सुटतात, ते कुठे जातात? परत ठेवीत. मुदत संपली की मुद्दल अधिक व्याज, सगळं पुन्हा पाच वर्षांसाठी. त्यांच्या घरात व्याजाचंही मुद्दल होतं, आणि मुद्दलाला हात लावायचा नाही हे आपल्याकडे पाटी-पुस्तक हातात येण्याआधी शिकवतात. मी म्हणालो, काका, यातलं पन्नास हजार महिना काढलंत तरी ही रक्कम तुम्हाला पुरून उरेल. ते म्हणाले, ‘मला ठाऊक आहे. पण ते मोडलं की झोप लागत नाही. हे कमावलेलं आहे, हे उडवता येतं.’

हे वाक्य मी शब्दाशब्दाने लक्षात ठेवलं आहे, कारण अर्थशास्त्रात त्यावर मोठी चर्चा होऊन गेली. फ्रँको मोदिल्यानी यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं त्यातला एक धागा असा होता की माणूस कमावत्या वयात साठवतो आणि म्हातारपणी ते खर्च करून संपवतो. कागदावर सुंदर. पण माणसं म्हातारपणी तितकं खर्च करताना दिसतच नाहीत. १९८८ मध्ये हर्श शेफ्रिन आणि रिचर्ड थेलर या दोघांनी मांडलं की डोक्यात पैशाचे कप्पे असतात: हातातलं उत्पन्न, साठवलेली मालमत्ता आणि पुढे मिळणारं उत्पन्न. रुपया तोच, पण पहिल्या कप्प्यातला सहज खर्च होतो, दुसऱ्यातला जिवावर येतो. थेलरना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. काकूंना आंब्याच्या पेटीवरून ते आधीच कळलेलं होतं.

आणि याची उलटी बाजूही मी रोज बघतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडे येतात, जुनी पेन्शन योजना लागू असलेल्या. (राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती मिळाली नाही, म्हणून आजच्या शिक्षकांनी हे उदाहरण स्वतःला लावू नये.) शिल्लक म्हणाल तर बाईंच्या नावावर २५-३० लाख. तुमच्या बाबांच्या आसपासही नाही. पण महिना संपला की पेन्शन खात्यात पडतं, महागाई भत्त्यासकट वाढतं, आणि बाई ते मोकळ्या हाताने खर्च करतात. नाटक, नर्मदा परिक्रमा, भाचीच्या फीला हातभार. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षभर निर्धास्त. त्यांना मुद्दल नावाची वस्तू दिसतच नाही, मग हात लावायचा प्रश्न कुठे? त्यांच्या पेन्शनची किंमत एकरकमी काढली तर ती कोटीच्या वर जाईल, पण ती त्यांच्या फाइलमध्ये नाही, सरकारच्या वहीत आहे. बाबांच्या पिढीतल्या खासगी नोकरदाराच्या हाती याच्या बरोबर उलट आलं. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा मोठा धनादेश एकदाच मिळाला, आणि महिन्याला म्हणून जे येतं ते ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचे, दोन-तीन हजार. ज्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर उभं आहे, तिच्या भरवशावर कोण आंब्याची पेटी घेईल? पगार थांबला आणि डोंगर हाती आला. डोंगर पोखरायची भीती वाटते. म्हणून माणूस पुन्हा एक छोटा पगार शोधतो.

ही भीती वेडगळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. तुमच्या पिढीने व्याजदर पडताना बाबांसारखे पाहिलेले नाहीत. पीपीएफवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत होते. मार्च २००३ ला ते ८ वर आले. एप्रिल २०२० पासून ७.१ आहेत. ५० लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाला ६ लाख होतात, ७.१ ने साडेतीन लाखांच्या जरा वर. ज्यांनी ऐन चाळिशीत हे पाहिलं, त्यांना ‘व्याजावर जगा’ हे वाक्य पोकळ वाटणारच. त्यातच एखादी सहकारी बँक बुडते आणि शेजारचे जोशी किंवा पवार रांगेत उभे दिसतात. १९९३ पासून २०२० पर्यंत बँकेतल्या ठेवीला विमासंरक्षण फक्त एका लाखाचं होतं, ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झालं.

काहींची भीती याहून जुनी असते. एक उद्योजक आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, आज साठीचे, आठ-नऊ कोटींचे धनी. थांबायचं नाव काढलं की विषय बदलतात. एकदा बोलता बोलता म्हणाले की १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते दहावीला होते, वडील साच्यावर. अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मिटल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, आणि त्या घरात पगार परत कधी आला नाही. आई खानावळीच्या पोळ्या लाटायची. या माणसाला मी कुठल्या आकड्याला ‘पुरेसे’ म्हणून दाखवू? त्यांच्या हिशेबात एक ओळ कायम कोरी असते, गिरणी बंद पडण्याची. अशा माणसाशी मी वाद घालणं सोडलं आहे. दोन वर्षांचा खर्च घरापासून पायी जाता येईल अशा सरकारी बँकेत ठेवायचा आणि बाकीवर बोलायचं, एवढं त्यांच्याबाबत जमलं.

पैशाचं इथे थांबवतो. दुसरं कारण आपल्या भाषेतच पडून आहे. ‘त्याला घरी बसवलं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शिक्षा आहे ती. ‘हल्ली काय करता?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो, आणि ‘घरीच असतो’ म्हटल्यावर समोरचा ‘अरे वा, आराम!’ म्हणून पुढच्या माणसाकडे वळतो. तो ‘अरे वा’ बाबांनी साठ ते एकसष्ट या वर्षात किती वेळा ऐकला असेल, मोजून बघा. अंबरनाथच्या कारखान्यात मात्र सकाळी कुणीतरी तोंडावर म्हणतं, ‘साहेब, रिअॅक्टरचं तापमान चढतंय, जरा येता का?’ पस्तीस वर्षांत जे हातात मुरलं ते कुणाला तरी हवं आहे. ४५ हजारांत हे धरलेलं नाही.

आणि घराचंही बघा. सकाळी अकरा ते चार ही वेळ आजवर आईची होती. स्वयंपाकघर तिचं, दुपारची मालिका तिची, शेजारणीशी बोलणं तिचं. निवृत्त नवरा तिथे पहिल्या आठवड्यात पाहुणा असतो, दुसऱ्यात निरीक्षक. डाळीचे डबे वर्णानुक्रमे लावून दिलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पत्नीनेच मला फोन करून विचारलं होतं की यांना कुठे काही काम मिळेल का, पैसे नाही दिले तरी चालतील.

एक विषयांतर करतो. मुळात ठरावीक वयाला काम एकदम बंद, ही पद्धत कारखाने आणि कचेऱ्यांनी आणली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट सत्तर होती, पुढे १९१६ मध्ये ती पासष्ट झाली. आपल्याकडे राज्य सरकारी बहुतेक नोकर ५८ला बाहेर पडतो, केंद्राचा ६०ला. माझे आजोबा साताऱ्याकडचे शेतकरी. ते कधी निवृत्त झाले असं कुणी विचारलं तर घरात कुणालाच सांगता येणार नाही. आधी नांगर सुटला. मग पाणी धरायला रात्री जाणं सुटलं. मग राखण करायचे, पाखरं हाकायचे. शेवटची तीन वर्षं ओट्यावर बसून शेंगा निवडायचे, आणि निवडताना सगळ्यांना सूचना द्यायचे. काम कमी होत गेलं, पण ‘आजपासून तुम्ही नाही’ असा दिवस उगवला नाही. तुमच्या बाबांच्या आयुष्यात तो दिवस उगवला होता, शाल-श्रीफळ देऊन. अंबरनाथला जाऊन ते बहुतेक राखणीचं काम शोधतायत.

माझ्याकडे येणारे लोक अशा वेळी ई. श्रीधरन यांचं उदाहरण फेकतात. १९९० मध्ये ते रेल्वेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यानंतर कोकण रेल्वे उभी केली. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. मग दिल्ली मेट्रो, २०११ संपेपर्यंत. महर्षी कर्वे फर्ग्युसनमधून १९१४ला निवृत्त झाले, दोन वर्षांनी महिला विद्यापीठ काढलं, आणि १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून वर्गणी मागत हिंडले. मला ही उदाहरणं आवडतात, पण सल्ला देताना मी ती वापरत नाही. ती माणसं नव्या कामाला लागली. ज्यांना मी थांबा म्हणतो ते जुन्या खुर्चीला चिकटलेले असतात. उदाहरणार्थ दुकानाचा मालक, वय ७४. मुलगा ४६चा, चेकवर सही मात्र अजून वडिलांची. मुलाने काउंटर हलवला तर तीन दिवस अबोला. वडील काम करत नसतात, मुलाला काम करू देत नसतात. अशा घरात मी थांबायलाच सांगतो आणि वाईटपणा घेतो. दोन-तीन अशील गमावलेही आहेत त्यापायी.

तुमच्या बाबांचं तसं नाही. पण त्यांना ‘थांबा’ म्हणण्याआधी एक तपासणी करा, आणि ही गंभीर आहे. अंबरनाथच्या कारखान्याच्या कागदांवर त्यांचं नाव कुठे आहे? औषधांच्या उत्पादन परवान्यासाठी पात्र तांत्रिक व्यक्तीचं नाव द्यावं लागतं, आणि कारखान्याचा ‘मॅनेजर’ म्हणून नोंदलेल्या माणसावर अपघाताची कायदेशीर जबाबदारी येऊ शकते. लहान मालकाला निवृत्त, अनुभवी, सरळ माणूस नेमका यासाठी हवा असतो. ४५ हजारांत तो सल्ला विकत घेतोय की सही, हे बाबांना विचारा. फक्त सल्ला असेल तर जाऊ द्या. सही असेल आणि कारखान्यावर बाबांचा प्रत्यक्ष ताबा नसेल, तर नाव काढून घ्यायला सांगा, मग भले काम चालू राहो. या एका मुद्द्यावर मी अजिबात मऊ नाही.

उरलेलं पैशांच्या बाजूने करता येतं. बाबांना पगाराची सवय आहे, तर डोंगराचा पगार करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि तेव्हापासूनचा दर ८.२ टक्के आहे. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं बदलत नाही. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. आईही साठीच्या पुढे आहेत, म्हणजे दोघांची दोन खाती आणि तिमाहीला १ लाख २३ हजार, महिन्याला पडले ४१ हजार. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० रुपये. झाले ५० हजार २५०. अंबरनाथच्या ४५ हजारांपेक्षा जास्त. गुंतले ७५ लाख. उरलेल्या १ कोटी ६५ लाखांनी महागाईशी झगडायचं, कारण हे ५० हजार वाढणारे नाहीत, हेही बाबांना स्पष्ट सांगा. यातून चमत्कार होत नाही. पण पैसे ‘आले’ असं बँकेचा मेसेज म्हणतो, ‘काढले’ असं म्हणत नाही. माझ्या अनुभवात या एका शब्दाने निम्मं काम होतं.

त्यानंतरही ते गेले तर जाऊ द्या. पाचाचे तीन दिवस करता येतील का एवढंच सुचवा, आणि तेही मालकाकडून यावं असं बघा, मुलांकडून नको. सकाळी ठाण्याहून अंबरनाथकडे म्हणजे गर्दीच्या उलट दिशेला जायचं असतं. ज्याने उमेदीची वर्षं दारात लोंबकळून काढली, त्याला खिडकीपाशी बसून पेपर वाचत जाणं ही चैन वाटत असेल तर मला नवल नाही. नातेवाईकांचं म्हणाल, तर ‘मुलं बघत नाहीत का’ विचारणाऱ्या मावशीला बाबांसमोरच विचारा, ‘बाबांना घरी बसवू का?’ शब्दांचा परिणाम बाबांच्या चेहऱ्यावर बघा.

एक राहिलं. तुमच्या एवढ्या लांब पत्रात आईंचं मत कुठे नाही. त्या साठीच्या पुढे आहेत, सकाळी डबा त्याच करतात, आणि त्यांच्या निवृत्तीबद्दल कुणी चौकशी केलेली नाही. बचत योजनेचं दुसरं खातं आईंच्या नावाने काढाल तेव्हा व्याज त्यांच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा होऊ द्या. पैसे बाबांनी दिलेले असल्यामुळे कर बाबांच्या उत्पन्नात मिळवून भरावा लागेल, तेवढं लक्षात ठेवा. मागे डोंबिवलीतल्या एका जोडप्याचं मी असंच केलं. पहिल्या तिमाहीचे ६१,५०० आले तेव्हा त्या बाईंनी मला फोन करून विचारलं, ‘हे माझेच ना? यांना विचारावं लागत नाही ना?’ मी म्हणालो, नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकाला बाई लावली. यजमान अजून कामावर जातात. डबा आता बाई भरते.